टाचण्याचं पाऊल

१

"ठोसा बघू नकोस गं पोरी. ठोसा सगळी गर्दीच बघते. तू पडणं बघ."

आवाज जुना, घसा बसलेला, विहिरीच्या तळातून यावा तसा. ज्यानं हे सांगितलं तो म्हातारा पंच कधीचाच गेला होता. ज्या धान्याच्या गोदामात सांगितलं, ते गोदामही पाडून झालं होतं. पण पंचबाई कुठलीही लढत बघायला बसल्या, की तो आवाज आधी येऊन शेजारच्या खुर्चीवर बसायचा. "मार खाऊन पडतो तो झाडासारखा पडतो, कडकड करून. आणि आधीच संपलेला असतो ना, तो दोरीवरून ओलं धडुतं निसटावं तसा पडतो. आवाजसुद्धा होत नाही."

त्या दुपारी मुष्टियुद्ध मंडळाच्या कचेरीत पंखा कुरकुरत होता. पडद्यावर टाचण्या पडला आणि आवाज झाला नाही.

दिवसा काचेच्या दुकानात काचा कापणारा हा पोरगा अंगानं काडी आणि वर गोल डोकं, म्हणून टाचण्या. तिसऱ्या फेरीत पडला तो उठलाच नाही. इस्पितळात नेला, आणि तिथून घरी आली ती त्याची चप्पल.

"सरळ प्रकरण आहे बाई," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. "लढत संपल्यावर पंचानं समोरच्या त्या वेल्डरचे ग्लोव्हज काढले, तर उजव्या हातावरची पट्टी टणक. फळीसारखी. आत काहीतरी भरलं होतं त्यानं. माणूस मारला सरळसरळ."

"पट्टी कुठंय?"

"सफाईत गेली. कोण कुठं बघतो त्या गोंधळात? पण पंचाची साक्ष आहे. चौकशी अधिकारी म्हणून तुम्ही सही केलीत, की जन्माची बंदी आणि कागद पोलिसांकडे. पुढच्या सुनावणीत मिटवून टाकू."

पंचबाईंनी फीत पुन्हा मागे नेली. टाचण्या पुन्हा उभा राहिला, पुन्हा निसटला. त्यांना वाईट वाटलं नाही. नवरा गेल्यापासून त्यांच्या आत कुणीतरी दार ओढून घेतल्यासारखं झालं होतं. बाहेरची थाप ऐकू यायची, पण उठून कडी काढावी असं वाटायचं नाही.

"ठोसा बसलाच नाही हा," त्या म्हणाल्या. "चाटून गेलाय. एवढ्याशा फटक्यानं मांजर उठत नाही चुलीवरून. मग पोरगा मेला कशानं?"

२

वेल्डर आपल्या शेडमध्ये पत्र्याच्या ढिगाऱ्यावर बसला होता. भलादांडगा माणूस, पण कुणीतरी आतली हवा काढून घेतल्यासारखा. समोर डबा उघडा, भाकरीला हात लावलेला नाही.

"तुम्ही पण विचारा," तो म्हणाला. "सगळे विचारून गेले. मालक म्हणाला उद्यापासून येऊ नको. बायको म्हणते, खरं सांगा, मी कुणाला सांगणार नाही. बायकोसुद्धा! आता बोला."

"पट्टी टणक का होती?"

त्यानं उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत भाजल्याची जखम, अजून ओली.

"लढतीच्या आदल्या दिवशी ठिणगी पडली. वर मलम होतं, ते जस्ताचं पांढरं. वाळलं की खडूसारखं होतं."

"नियम माहीत होता ना? कातडी आणि ग्लोव्ह यांच्यामध्ये कापडाशिवाय काही नको."

"माहीत होता. मी नको म्हणालो होतो."

"मग लावलं कुणी?"

वेल्डर डब्याकडे बघत राहिला. "ज्यांनी लावलं त्यांनी चांगल्या मनानं लावलं, बाई. त्यांच्यावर आधीच आभाळ कोसळलंय. मी नाव घेणार नाही. हात दाखवून अवलक्षण झालं माझं, ते माझ्यापाशीच राहू दे."

"आणि शिवाय तो उजवा हात," पंचबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "तू तर डावखुरा."

"या अख्ख्या मुलखात मी एकटाच आहे डावखुरा लढणारा. म्हणून तर कुणी माझ्याशी लढत घेत नाही. जोडी सापडत नाही, सराव कुणाबरोबर करणार? फक्त टाचण्यानं घेतली." तो थांबला. "आणि काय खेळला! पहिल्या फेरीत मला सापडेचना. मला वाटलं, आज आपलं काही खरं नाही."

पंचबाई उठल्या, दारात थांबल्या. पट्टी बांधताना समोरच्या गोटातलं एक माणूस शेजारी उभं राहून बघतं आणि बांधून झालेल्या पट्टीवर सही करतं, ही इथली जुनी रीत.

"तुझ्या पट्टीवर सही कुणाची होती?"

वेल्डरनं मान खाली घातली. "टाचण्याच्या बहिणीची."

३

या मुलखात मुष्टियुद्धाचा प्रत्येक नियम एकेका माणसावर उभा आहे. पुस्तकात त्यांना कलमं म्हणतात. तालमीत माणसांच्या नावानं ओळखतात.

आधी गोदामांमध्ये उघड्या मुठींनी झुंजी व्हायच्या. पैजा लागायच्या, जिंकणाऱ्याला पोत्यावर बसवून मिरवायचे. मग एका हमालानं मुठीत लोखंडी चकती बांधून एकाचा डोळा काढला. तो हमालाचा नियम, पट्टी बघायची, सही करायची. मग बऱ्याच वर्षांची बंदी. बंदी उठली तेव्हा मंडळ आलं, डॉक्टर आले, ग्लोव्हज आले. मग एका बेकरीवाल्याला आडवं पाडलं, तो आठवड्यात परत लढला आणि भट्टीसमोर पाव काढता काढता कोसळला. तो बेकरीवाल्याचा नियम. कुणीही शुद्ध हरपून पडला, लढतीत असो नाहीतर सरावात, की मंडळाला कळवायचं आणि दोन महिने रिंगचं तोंड बघायचं नाही.

एक नियम मात्र कुणाच्याच नावाचा नव्हता. बाईनं दोरीच्या आत पाऊल टाकायचं नाही. पंचबाईंसाठी तो वाकवला होता, तोही नाकदुऱ्या काढून काढून, आणि पंच म्हणूनच.

टाचण्याच्या तालमीत शिरताच त्यांच्या कानावर दोरीउड्यांचं गाणं आलं. चार-पाच जण उड्या मारत दबल्या आवाजात म्हणत होते:

*दोरी फिरे गरगर, भुई म्हणे थांब घडीभर,*
*पायाला नाही घर, पाय राहे वाऱ्यावर.*

गाण्यात जीव नव्हता. सवयीनं चाललं होतं, दळण संपल्यावरही जातं थोडं फिरतं तसं.

मास्तर रिंगच्या कडेला टेकून उभे होते. टाचण्याला आणि त्याच्या बहिणीला त्यांनीच वाढवलं होतं म्हटलं तरी चालेल; बाप लहानपणी गेलेली पोरं.

"या पंचबाई. आता काय उरलंय बघायला?"

"तुमच्याकडे डावखुरं कोण आहे मास्तर?"

"कुणी नाही. म्हणून तर मी ही लढत घेऊ नको म्हणत होतो. पण ऐकतो कुठं? काच कापणारा पोरगा, धार बघितली की हात पुढे."

कोपऱ्यात स्टुलावर बसून टाचण्याची बहीण एका दणकट गवंड्याच्या मुठीला पट्टी बांधत होती. तालमीत तिला सगळे पट्टीताई म्हणत. दिवसभर शिवणकारखान्यात कापड बेतायची आणि संध्याकाळी इथं. भाऊ जाऊन पंधरवडाही झाला नव्हता, आणि ती पट्टी बांधत होती. चेहऱ्यावर काही नाही. पुसलेली पाटी.

"घट्ट होतेय का दादा?"

"नाही ताई. तुमची पट्टी म्हणजे आईनं घातलेली टोपी. बसते ती बसतेच."

ती हसली नाही. एका हातात त्याची मूठ तशीच धरून, डावीकडे ठेवलेली कात्री उचलून तिनं कचकन पट्टी कापली.

"वेल्डरची पट्टी तू बघितलीस," पंचबाई तिच्यासमोर बसत म्हणाल्या. "त्याच्या हाताला काय होतं?"

"आठवत नाही."

"सही तुझी."

"सही केली असेल. आठवत नाही."

"भाजलेलं आठवत नाही? पांढरं मलम?"

पट्टीताईनं गवंड्याची मूठ हलकेच सोडली. "बाई, माझा भाऊ गेलाय. त्या वेल्डरच्या हाताला काय झालं होतं ते मला का विचारता?"

मास्तर पुढे झाले. "पुरे आता. पोरीला सोडा."

पंचबाई निघाल्या. दाराजवळच्या खिळ्यांना ग्लोव्हजच्या जोड्या टांगलेल्या होत्या. सगळ्या मोठ्या, वापरून चपटलेल्या, आणि सगळ्यांचा उजवा ग्लोव्ह डाव्यापेक्षा जास्त दबलेला. जोराचा हात उजवा, तेव्हा झिजणार तोच. सगळ्यात आत, मागच्या खिळ्याला, एक लहान जोडी होती. पंचबाईंनी ती काढली आणि बोटं आत घातली. त्यांच्या हाताला ती अचूक बसली.

त्या जोडीचा डावा ग्लोव्ह दबून पापड झाला होता.

"लहान मुलांची आहे ती," मास्तर मागून घाईनं म्हणाले.

पण या तालमीत लहान मुलं येत नव्हती.

४

मंडळाचे डॉक्टर चहा ढवळत बसले होते. साखर विरघळून किती वेळ झाला होता, देव जाणे.

"मीच पास केला त्याला," ते म्हणाले. "डोळ्यांत दिवा टाकला, एका पायावर उभा केला, बोट नाकाला लाव म्हटलं. सगळं केलं. डोकं दुखतं का रे, विचारलं. नाही म्हणाला. लढायला आलेल्याला डोकं दुखतं का विचारायचं म्हणजे चोराला विचारायचं, घराला कुलूप लावू का!"

"शवविच्छेदन तुम्ही बघितलंत?"

चमचा थांबला.

"अध्यक्षांना सांगितलं मी. ते म्हणाले, गुंता वाढवू नका." डॉक्टरांनी कप बाजूला सारला. "कवटीच्या आत रक्त होतं. दोन रंगांचं. एक ताजं, त्या दिवशीचं. आणि त्याच्याखाली एक जुनं, काळपट, गोठून कडेला लागलेलं. काही आठवड्यांपूर्वीचं. आत सांदीत बसून होतं ते. त्यावर एक टिचकी पुरली असती."

"म्हणजे वेल्डरनं मारलं नाही."

"वेल्डरनं शेवटची टिचकी मारली. मारलं कुणी, ते तुम्ही शोधा."

"जुना मार कुठल्या बाजूला?"

"उजव्या कानाच्या वर. डाव्या हाताचा ठोसा असू शकतो. पण लिहून घेऊ नका हे. उजव्या माणसाचा डावा हातही तिथंच बसतो, आणि मेंदूचं काय, मार इकडे आणि जखम तिकडे असंही होतं. माझ्या शब्दावर कुणाला फासावर चढवू नका."

पंचबाई रस्त्यावर आल्या. ऊन होतं, माणसं होती, रिक्षा होत्या. टाचण्याची काही आठवड्यांपूर्वी कुठलीच लढत झालेली नव्हती. म्हणजे मार सरावातला. म्हणजे बेकरीवाल्याचा नियम मोडून कुणीतरी गप्प बसलं होतं.

आणि एखाद-दुसरा माणूस नव्हे, अख्खी तालीमच गप्प होती. त्या तालमीतून निघाल्या तेव्हा तो गवंडी, ते दोरीवाले, सगळे खाली बघत होते. एवढ्या माणसांना एकाच वेळी गप्प बसवील असं कोण होतं तिथं?

५

त्यांनी फीत पुन्हा लावली. या वेळी तिसरी फेरी नाही, पहिली.

आणि या वेळी टाचण्याचा चेहरा नाही, मुठी नाहीत. फक्त पाय.

डावखुऱ्या माणसाशी लढताना उजव्यानं आपला डावा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला टाकायचा असतो. आत टाकला, तर सरळ त्याच्या जोराच्या हाताच्या तोंडी. ऐकायला सोपं. पण जन्मभर उजव्यांशीच खेळलेल्याचा पाय आतच पडतो. डोकं बाहेर म्हणतं, पाय आत म्हणतो. ही गोष्ट कुणी सांगून येत नाही. सांगितलेलं डोक्यात राहतं, आणि रिंगमध्ये डोकं सगळ्यात शेवटी पोचतं.

टाचण्याचा पाय बाहेर पडत होता. दर वेळी. वेल्डर वळायच्या आधी, विचार न करता. आपल्या घरातल्या अंधारात माणूस पाण्याच्या माठापाशी जातो तसा.

पंचबाईंनी फीत थांबवली. पडद्यावर तो पाय अर्ध्यात उचललेला राहिला.

या मुलखात लढणारा डावखुरा एकच, वेल्डर. त्यानं टाचण्याबरोबर कधी सराव केला नव्हता. तालमीत डावखुरा कुणी नाही, असं मास्तर म्हणतात. तरीही हे पाऊल कुणाच्या तरी डाव्या हातासमोर शेकडो वेळा पडून पडून घडलेलं होतं.

म्हणजे मुलखात आणखी एक डावखुरं माणूस होतं. मंडळाच्या यादीत नसलेलं. यादीत येऊच शकत नसलेलं. हात लहान, जोर डावीकडे. एका हातानं समोरच्याची मूठ धरून, दुसऱ्या हातानं कचकन पट्टी कापणारं.

ती कात्री कुठल्या हातात होती, ते पंचबाईंनी तेव्हाच बघितलं होतं. बघून आत ठेवून दिलं होतं. आतल्या बंद दाराआड कितीतरी गोष्टी अशाच पडून असायच्या.

सुनावणी उद्यावर आली होती.

६

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत टाचण्याची आई इस्त्रीचे कपडे घडी करत बसली होती. लोकांचे कपडे, इस्त्री करून देण्याचं काम. शर्टाच्या बाह्या मागे मुडपत ती पुटपुटत होती, नेहमीच्या चालीवर, रडं नसलेल्या आवाजात:

*दोन माझी लेकरं, दोन डोळ्यांची बुबुळं,*
*एक मिटलं कायमचं, दुसऱ्याला नाही जळ.*

"बसा बाई," ती म्हणाली. "पोरगी मागे आहे. रडत नाही हो ती. तिला सांगा ना जरा रडायला. तुम्ही शिकलेल्या, तुमचं ऐकेल."

मागच्या पायरीवर पट्टीताई बसली होती. पंचबाई शेजारी बसल्या. दोघी समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"तुझा भाऊ सुंदर खेळला पहिल्या फेरीत," पंचबाई म्हणाल्या. "त्याचं पाऊल बघितलं मी. ते पाऊल तू शिकवलंस."

पट्टीताईनं मागे वळून दाराकडे बघितलं.

"मास्तरांना डावखुरा मिळेना. तू होतीस. लहानपणापासून त्याच्याबरोबर खेळत आलेली. पहाटे, तालीम उघडायच्या आधी. नियमात बसत नव्हतं, पण कोण बघतंय? आणि सगळ्या तालमीला माहीत होतं. तुझ्यासाठी सगळे गप्प."

"हळू बोला. आई ऐकेल."

"एके दिवशी तो पडला."

पट्टीताईनं डावा हात मांडीखाली सरकवला. एवढंच.

"मग लढतीच्या दिवशी तू वेल्डरकडे गेलीस, सही करायला. त्याचा हात भाजलेला बघितलास. शत्रूचा हात. पण तुला उघडी जखम बघवत नाही, हात आपोआप मलमाकडे गेला. तूच लावलंस. तूच बांधलंस. आणि आता तोच माणूस खुनी ठरतोय, आणि तुला आठवत नाही."

भिंतीवरून एक मुंगळा खाली आला, परत वर गेला.

"मलम लावलं म्हटलं," पट्टीताई अगदी सावकाश म्हणाली, "तर पुढचा प्रश्न येईल, मग मेला कशानं. आणि त्याचं उत्तर आईसमोर द्यावं लागेल." ती वळली. "तुमच्याकडे पुरावा आहे?"

"नाही. पाऊल हा पुरावा होत नाही. ग्लोव्ह उद्या कुणीही फेकून देईल. मी तुझं नाव घेणार नाही."

"मग आलात कशाला?"

"वेल्डरचं काय करायचं, ते विचारायला. जुनं रक्त होतं एवढं मी सांगीन. पण पट्टीत मलम होतं की आणखी काही, ते एकटी तूच सांगू शकतेस. तू नाही बोललीस, तर तो जन्मभर माणूस मारलेला माणूस म्हणून जगेल. त्याची बायकोसुद्धा त्याला विचारते, खरं सांगा म्हणून."

पट्टीताई उठली आणि आत गेली. आतून आईचा आवाज आला, "कोण गं होतं? काय म्हणाली?" आणि मग मुलीचा, सपाट:

"काही नाही आई. कपडे दे इकडे, मी घालते घड्या."

७

सुनावणीची खोली लांबोळकी, मध्ये एक टेबल, भिंतीवर जुन्या अध्यक्षांच्या तसबिरी. वेल्डर एका टोकाला उभा. बस म्हटलं तरी बसला नाही. दुसऱ्या टोकाला मास्तर, पट्टीताई, आणि डोक्यावरून पदर घेतलेली आई.

पंचबाईंनी ठोसा चाटून गेल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी दोन रंगांचं रक्त सांगितलं. आईला ते नीट कळलं नसावं. तिनं मुलीकडे बघितलं, मुलीनं टेबलाकडे.

"हे सगळं ठीक," अध्यक्ष म्हणाले, "पण पट्टी टणक होती हे तर खरं? आत काय होतं?"

वेल्डरनं तोंड उघडलं आणि मिटलं. पंचबाईंनीही तोंड मिटून घेतलं. गेली कित्येक वर्षं त्या न्याय करत आल्या होत्या, आकडे मोजत आल्या होत्या. आज त्यांना मोजायचं नव्हतं, फक्त थांबायचं होतं.

"मलम," पट्टीताई म्हणाली.

सगळे वळले.

"त्याचा हात भाजला होता. मी लावलं. तो नको म्हणत होता. बांधली मी, सही केली मी. त्यात कापड आणि मलम, तिसरं काही नव्हतं. त्याच्या हातात पाप नाही."

वेल्डरनं भिंतीचा आधार घेतला. एवढा मोठा माणूस, पण त्याचे खांदे लहान मुलासारखे हलायला लागले. अध्यक्षांनी कागद सरळ केले, वाकडे केले, पुन्हा सरळ केले.

"बरं. म्हणजे... बरं. मग हे जुनं रक्त? ते कुठून आलं?"

पट्टीताईनं ओठ दाबले. तिचा चेहरा पुन्हा पुसला गेला. आणि तेवढ्यात शेजारची खुर्ची करकरली.

मास्तर उभे राहिले होते.

"माझ्याकडून," ते म्हणाले. "सरावात माझा हात लागला. पडला तो. मी कळवलं नाही. बेकरीवाल्याचा नियम मोडला मी. तालीम बंद करा, मला काय करायचं ते करा."

खोलीत एकदम हलकं झालं. अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. उत्तर मिळालं होतं. म्हातारा माणूस, जुनी चूक, एक सही आणि प्रकरण मिटलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पंचबाईंना माहीत होतं की हे खोटं आहे. त्यांना हेही माहीत होतं की आता त्या हे खोटं चालू देऊ शकतात, आणि कुणीही त्यांना दोष देणार नाही. आत, त्या बंद दारामागे, काहीतरी हललं.

पण आई उठली.

ती मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. पदर खांद्यावर घसरला. तिनं त्यांचा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बाजारात वस्तू बघावी तसा.

"याच हातानं तुम्ही त्याला लिहायला शिकवलं होतंत मास्तर," ती म्हणाली. "याच हातानं? आणि मला म्हणालात, देवानं नेला. माझ्या घरी येऊन, माझ्याजवळ बसून म्हणालात."

मास्तरांनी मान खाली घातली. हात काढून घेतला नाही.

"पोरांना सांभाळलंत म्हणून मी तुमच्या पाया पडत होते," आई म्हणाली. "आजपासून माझ्या दारात येऊ नका."

"आई," पट्टीताई म्हणाली.

"तू गप गं. तू मध्ये पडू नको."

"आई, सोड त्यांचा हात." ती उठली. टेबलाला धरून उठली, दोन्ही हातांनी, डावा पुढे. आवाज सपाट होता, पण आता त्याच्याखाली पाणी होतं. "मास्तर खोटं बोलतात. ते तिथं नव्हतेच. आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, जोरानं मार ताई, तो वेल्डर काय लाडानं मारणार आहे? मी मारला. तो पडला. मी त्याला हाका मारल्या, किती हाका मारल्या. मग त्यानं डोळे उघडले. हसला आई तो. उठून बसला, माझा हात धरला, आणि म्हणाला, काही नाही झालं गं. आईला सांगू नको."